लिस्बन पायी: चढ-उतारांच्या नकाशांच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

काम ठरलं. सहा वस्त्या, सहा पत्रकं, मराठीत, प्रत्येक पत्रक ए४ कागदाच्या एका बाजूला मावणारं: बाइशा, शियादु, आल्फामा, मोरारीया, ग्रासा आणि कांपु द ओरीक. वाचणारे म्हणजे मुलांकडे महिना-दीड महिना राहायला आलेले साठीपुढचे आई-वडील. घरातली माणसं कामाला गेली की हे दोघंच बाहेर पडतात. बघण्यासारख्या ठिकाणांची यादी त्यांना कुठेही मिळते. मिळत नाही ती वेगळीच माहिती: पुढे पायऱ्या आहेत का, कठडा कुठल्या हाताला आहे, बाक कुठे, पाणी कुठे, शौचालय कुठे, आणि उतरताना पाय घसरेल का.

फोनमधला नकाशा अंतर सांगतो. लिस्बनमध्ये अंतर फारसं कामाचं नाही. बाइशातले ४०० मीटर पाच-सहा मिनिटांत निवांत होतात. तेच ४०० मीटर किल्ल्याच्या टेकडीवर असतील तर तीनदा थांबावं लागतं. म्हणून नियम असा: प्रत्येक टप्प्याला तीन आकडे. मीटरमध्ये अंतर, मीटरमध्ये चढ, आणि पायऱ्यांची संख्या. उतारही वेगळा लिहायचा, कारण गुडघा दुखतो तो उतरतानाच.

साहित्य: वायुदाबमापक असलेले दोन फोन, उताराचा कोन दाखवणारं अ‍ॅप, ५ मीटरची टेप, पायऱ्या मोजायला हातात धरायचा गणक (जपाला वापरतात तोच), खडू, पेन्सिल. पेन नको, पावसात शाई फुटते.

४ मार्च, मंगळवार

कार्निव्हलचा दिवस, बऱ्याच कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे. बाइशापासून सुरुवात, कारण हाच भाग सपाट आहे आणि बाकीच्या पाच वस्त्यांची उंची इथून मोजायची आहे. आधारबिंदू म्हणून नदीकाठचा मोठा चौक धरला.

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, मागोमाग आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत जुनं बाइशा गेलं. त्यानंतर आखलेले हे रस्ते सरळ आणि काटकोनात आहेत. नावं धंद्यांवरून: सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. वाट चुकण्याची भीती इथे नाही. गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने: ठिकाणांना दोन-दोन नावं आहेत. पाटीवर एक, लोकांच्या तोंडी दुसरं. सीएसएमटीला अजून व्हीटी म्हणतात, तसंच. पत्रकावर दोन्ही द्यायची:

नदीकाठचा मोठा चौक: पाटीवर प्रासा दु कुमेर्सिउ, तोंडी तेरैरु दु पासु.
लाटांच्या फरशीचा चौक: पाटीवर प्रासा दों पेद्रु क्वार्तु, तोंडी रुसीउ.
सोनारांचा रस्ता: पाटीवर रुआ आउरिया, तोंडी रुआ दु ओरु.

घरक्रमांकांबद्दल चौकट हवी. क्रमांक इमारतीला नसतो, दाराला असतो. एकाच इमारतीचं दुकान १२, जिन्याचं दार १४, पुढचं दुकान १६. त्यामुळे ‘१४ नंबर’ शोधताना इमारती मोजू नयेत, दारं बघावीत. एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. पत्त्यात पुढे ‘३º’ म्हणजे तिसरा मजला, आणि मजले आपल्यासारखेच तळमजला सोडून मोजतात. त्यानंतरची खूण म्हणजे जिन्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर उजवीकडचं, डावीकडचं की समोरचं घर. इथे बहुतेक दारांवर नावाची पाटी नसते, बेलच्या पट्टीवरही फक्त मजला आणि बाजू असते. म्हणून मुलांच्या घराचा पूर्ण पत्ता, मजला आणि बाजू यांसह, प्रत्येक पत्रकाच्या पाठीमागे लिहून घ्यायला मोकळी जागा सोडायची.

६ मार्च, गुरुवार

आजचा पूर्ण दिवस नावांवर गेला. पोर्तुगीज नावं रोमन लिपीतून जशी दिसतात तशी देवनागरीत उतरवली, तर वाचणारा बसवाल्याला विचारेल आणि त्याला कळणारच नाही. उलट, उच्चार बारीकसारीक छटांसकट लिहिला तर पाटीवरची अक्षरं जुळत नाहीत. शेवटी ठरलं: देवनागरी उच्चारासाठी, आणि शेजारी पाटीचं छोटं छायाचित्र अक्षरं जुळवण्यासाठी.

उच्चाराचे नियम पक्के केले:

शब्दाच्या शेवटी आघात नसलेला ‘ओ’ म्हणजे ‘उ’. लार्गु, कार्मु, बाइरु.
शेवटचा ‘स’ म्हणजे ‘श’. प्राझेरश, पोर्ताश.
डोक्यावर लाट असलेला ‘आ’ आणि पुढे ‘ओ’ म्हणजे नाकातला ‘आंव’. गोव्यात ‘सांव’ आणि ‘सांजांव’ असंच म्हणतात, तीच रीत इथे चालते.
शब्दारंभीचा ‘र’ घशातून येतो, बराचसा ‘ह’कडे झुकलेला. लिहायचा मात्र ‘र’च.

या ‘आंव’चा मराठी वाचणाऱ्याला मोठा आधार आहे. बेकरीच्या पाटीवरचा शब्द उच्चारला की तो आपला पाव. लिलावाच्या दुकानावरचा शब्द म्हणजे आपला लिलाव. बटाटा, अननस, काजू, चावी, फीत, बादली, मेस्त्री, घमेलं, बिजागरी, नाताळ: हे सगळे शब्द इथल्या दुकानांत, गाड्यांवर, हार्डवेअरच्या फळ्यांवर जवळजवळ तसेच भेटतात. प्रत्येक पत्रकाच्या तळाला असे दहा शब्द द्यायचे. अनोळखी शहरात ओळखीचा शब्द दिसला की माणूस धिटाईने पुढे चालतो. या कागदांचा निम्मा उपयोग तोच आहे.

फसवणारे शब्दही तितक्याच ठळक अक्षरांत हवेत. ‘पेरा’ म्हणजे नासपती. पेरू हवा असेल तर ‘गोइआबा’ मागायचा. ‘कोव्ह’ हा आपल्या कोबीचा मूळ शब्द, पण नुसतं ‘कोव्ह’ मागितलं तर बहुधा गड्डा न धरणारी मोठी हिरवी पानं मिळतात. गड्ड्यासाठी ‘रेपोल्यु’ म्हणायचं. काउंटरवर ‘पागार’ लिहिलेलं असतं तिथे पगार मिळत नाही, पैसे भरायचे असतात. आणि सर्वांत महत्त्वाचं: दारावरचा शब्द कानाला ‘पुश’ असा लागतो, पण त्याचा अर्थ ‘ओढा’. इंग्रजी येणारा माणूस हमखास ढकलतो. काचेचं जड दार असेल आणि मागून कुणी येत असेल तर हात अडकू शकतो. ही ओळ चौकटीत जाणार.

८ मार्च, शनिवार

चढ मोजण्याची पहिली फेरी वाया गेली. रुसीउपासून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत तीनदा मोजलं, तीन वेगळी उत्तरं आली, १८ मीटरांपर्यंत फरक.

कारण सापडलं. फोन उंची मोजतो ती हवेच्या दाबावरून. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की फोनला वाटतं आपण सव्वाआठ-साडेआठ मीटर वर चढलो. आज पावसाचे ढग सरकत होते आणि तासाभरात दाब दोन हेक्टोपास्कलने हलला. म्हणजे जागचं न हलता १६-१७ मीटरची चूक.

उपाय: दोन फोन. एक खाली आधारबिंदूवर, दर मिनिटाला दाब नोंदवत. दुसरा चालणाऱ्याच्या हातात. नंतर दोन्हींतला फरक घ्यायचा, हवामानाचा भाग आपोआप गळतो. फोन खिशात ठेवायचा नाही: चालताना कापड दाबलं जातं आणि वारा थेट छिद्रावर आला तरी आकडा उडतो. हातात, पडद्याची बाजू खाली, थांबून दहा सेकंद.

नव्याने मोजलं. तीन फेऱ्यांत दीड मीटरांहून जास्त फरक नाही. आपल्या कामाला एवढं पुरे.

११ मार्च, मंगळवार

आल्फामा. गल्ल्यांची रुंदी बऱ्याच ठिकाणी तीन मीटरांच्या आत, दोन्ही बाजूंना तीन-चार मजले. उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि फोनवरची रेघ शेजारच्या गल्लीत जाते, कधी घरांवरून सरळ आरपार. इथे उपग्रहाचा नाद सोडला. दारांच्या क्रमांकांवर आधारलेली पद्धत घेतली: कोपऱ्यावरचा दारक्रमांक, तिथून टेपने अंतर, पायऱ्या गणकावर, वळणावर खडूची छोटी खूण (पावसाने दुसऱ्या दिवशी धुऊन जाते, भिंतीवर करायची नाही, जमिनीवरच).

आजचं सगळ्यात कामाचं निरीक्षण: रस्त्याच्या नावातला पहिला शब्दच पुढचा भूगोल सांगतो. हे पत्रकाच्या माथ्यावर गेलं पाहिजे.

रुआ: साधा रस्ता, चढ असेल किंवा नसेल.
काल्सादा: चढाचा रस्ता. पाटीवर हा शब्द दिसला की चढ गृहीत धरायचा.
इश्कादीन्याश: पायऱ्या. चाकाची पिशवी, बाबागाडी, वॉकर इथे नेता येत नाही.
बेकु: बोळ, बऱ्याचदा पुढे बंद. आत शिरण्याआधी तोंडाशी उभं राहून शेवट दिसतो का ते बघावं.
त्राव्हेसा: दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी आडगल्ली.
लार्गु: गल्ल्या येऊन मिळतात ती मोकळी जागा. बाक, झाड आणि नळ असण्याची शक्यता इथेच.
पातिउ: घरांच्या मधलं अंगण. लोक राहतात, परवानगीशिवाय आत जायचं नाही.

यावरून वाट आखण्याचा सोपा मंत्र निघतो: एका लार्गुपासून दुसऱ्या लार्गुपर्यंत. मधे काय आहे ते नावावरून कळतं, आणि पोचल्यावर बसायला जागा मिळते. आल्फामाची वाट अशीच आखली. पोर्ताश दु सोलच्या सज्जापर्यंत वाहनाने वर जायचं आणि तिथून पायी खाली नदीकडे उतरायचं. उलट नाही.

पायऱ्यांची उंची सारखी नाही हे मोजून खात्रीने लिहितो: एकाच जिन्यात १२ सेंटिमीटरची पायरी आणि तिच्याखाली १८ ची. पाय पुढच्या पायरीचा अंदाज आधीच बांधतो आणि तिथेच चुकतो. कठडा आहे तिथे ‘क’, नाही तिथे ‘–’. कठडा बऱ्याच ठिकाणी एकाच बाजूला किंवा मधोमध आहे. उतरताना तो उजव्या हाताला येईल अशीच वाट निवडली.

खिडक्यांखाली कपडे वाळतात. दोरी कप्पीवर फिरते, आणि पावसाळी महिन्यांत वरून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चिमट्यांनी लावलेला असतो, त्यामुळे खालचे कपडे भिजत नाहीत. चिमट्यांची टोपली खिडकीच्या गजाला. घरात माणसं राहतात ती घरं आणि पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं यांतला फरक इथून लगेच ओळखू येतो: दोरी असेल तिथे शेजारी आहेत. वाट विचारायला तिथेच थांबावं.

१३ मार्च, गुरुवार

रात्रभर पाऊस, सकाळी उघडीप. निसरडेपणा तपासायला याहून चांगला दिवस नाही.

पदपथांची ती छोट्या दगडांची फरशी, काल्सादा पोर्तुगेझा (इथे ‘काल्सादा’ म्हणजे फरसबंदी, चढाचा रस्ता नव्हे), ही लिस्बनची ओळख. १८४२ साली किल्ल्यावर कैद्यांच्या हातून पहिलं नागमोडी काम झालं, मग १८४८-४९ मध्ये रुसीउवर लाटांची नक्षी आली. पांढरा दगड चुनखडीचा. काळा कुठे बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच खडक, आणि कुठे काळसर चुनखडी.

एका गल्लीत दुरुस्ती चालू होती, ती तासभर जवळून पाहिली. कारागीर अगदी बुटक्या स्टुलावर बसतो. डाव्या तळहातावर दगड, उजव्या हातात छोटा हातोडा. दगड हातातच फिरवतो, दोन-तीन टोले, आणि पाच ते सात सेंटिमीटरचा ओबडधोबड घन तयार. खाली दगडाची भुकटी आणि वाळूचा थर. दगड त्यात उभा दाबायचा, वरून एक टोला. फटी शक्य तितक्या अरुंद, आणि रांगा पदपथाच्या कडेला तिरप्या, म्हणजे सांधे एका ओळीत येत नाहीत आणि ओळच्या ओळ उखडत नाही. शेवटी वरून बारीक मिश्रण झाडूने पसरायचं, पाणी मारायचं, आणि लाकडी धुम्मसाने ठोकायचं. महापालिकेने १९८६ मध्ये या कामाची शाळा काढली. शिकलेले हात कमी पडतात म्हणून.

बिघडतं कसं? पदपथावर गाडी चढवली की एक दगड खचतो. तो खचला की शेजारच्यांचा आधार जातो, पावसाचं पाणी खालची भुकटी वाहून नेतं आणि खड्डा पडतो. झाडांची मुळं दगड वर उचलतात. खोदकामानंतर घाईत बसवलेल्या दगडांत फटी रुंद राहतात; काठीचं टोक त्यात अडकतं.

आणि घसरण. चुनखडी मऊ दगड. लाखो पावलांनी तिला काचेसारखी झिलई येते. ओल्या दिवशी सर्वांत धोकादायक जागा म्हणजे गर्दीच्या उताराचा पांढरा, चकाकणारा मधला पट्टा. भिंतीलगत पावलं कमी पडतात, तिथे दगड अजून खरखरीत असतो. गाडीरस्त्याचे मोठे चौकोनी दगडही कमी घसरतात. पत्रकातली सूचना: ‘ओल्या दिवशी उतरताना भिंतीच्या बाजूने चाला, पावलं छोटी टाका, टाच आधी टेकवू नका, पूर्ण तळवा टेकवा.’ बूट मऊ रबरी तळाचे. कडक, गुळगुळीत तळाचे नवे बूट आणि चपला नकोत, साडी नेसणाऱ्यांनी काठ घोट्याच्या वर घ्यावा.

प्रत्येक टप्प्याला आता चौथी खूण: कोरडा चालेल / ओला टाळा.

१५ मार्च, शनिवार

चढ वाचवण्याच्या जागा गोळा केल्या. शहराने टेकड्यांवर जायला लिफ्ट आणि सरकते जिने केले आहेत, पण ते इमारतींच्या आत असल्याने दिसत नाहीत.

बाइशाहून किल्ल्याकडे: रुआ दुश फांकैरुश, १७० ते १७८ क्रमांकांची दारं असलेली इमारत. आतली लिफ्ट फुकट, बाहेर पडतो ते वरच्या रुआ दा मादालेनावर. रस्ता ओलांडून, छोटा चौक पार करून समोरच्या शांव दु लोरैरुच्या इमारतीत जायचं. खाली सुपरमार्केट, वर वाहनतळ. तिथली लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत घ्यायची, की कोश्ता दु काश्तेलुच्या पातळीला पोचलो. सुपरमार्केटमुळे पाणी आणि फळं घेण्याची सोयही वाटेतच. तिथून किल्ल्याच्या दारापर्यंत चढ उरतोच, पण मोठा भाग वाचतो. (किल्ल्याची टेकडी सुमारे ११० मीटर उंच.) तोही नको असेल तर प्रासा दा फिगैराहून ७३७ क्रमांकाची छोटी बस.

बाइशाहून शियादुला: मेट्रोच्या बाइशा-शियादु स्थानकाचं एक दार खाली रुआ दु क्रुसिफिक्सुवर, दुसरं वर शियादुच्या चौकात. दोन्हींना जोडणारे सरकते जिने तिकिटाच्या फाटकाबाहेर आहेत, म्हणजे तिकीट लागत नाही. लांबच लांब टप्पे आहेत. कठड्याचा पट्टा धरून उजवीकडे उभं राहायचं.

मार्तीं मुनीशहून मोरारीयाच्या वरच्या अंगाला: इश्कादीन्याश दा साउदवर सरकते जिने.

धोका एकच: यंत्र बंद असतं. दोन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी बंद सापडलं. म्हणून प्रत्येक लिफ्टच्या ओळीखाली ‘बंद असेल तर’ ही ओळ सक्तीची. बसचा क्रमांक, थांबा, नाहीतर ‘आज हा भाग सोडा’ असं स्पष्ट.

मोरारीया चालताना किराण्याची नोंदही केली. मार्तीं मुनीश चौकाभोवती आणि रुआ दु बेन्फोर्मोझुवर दक्षिण आशियाई दुकानं दाट आहेत. तूरडाळ, कढीपत्ता, मिरच्या, पिठं मिळतात. पण कोथिंबिरीसाठी एवढ्या लांब यायला नको: ती पोर्तुगीज स्वयंपाकातलीच आहे, कुठल्याही भाजीवाल्याकडे ‘कोएन्त्रुश’ म्हटलं की जुडी मिळते. चवळीही इथल्या घरातलीच, डबाबंद आणि सुटी दोन्ही. कॅफेच्या काचेमागे ‘शामुसा’ दिसतो तो आपला सामोसा, गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने आलेला. आत बहुधा मांस असतं, विचारून घ्यावा.

१८ मार्च, मंगळवार

ग्रासा. वर पोचल्यावर ही वस्ती पुष्कळशी सपाट आहे, म्हणून बसने चढायचं (मार्तीं मुनीशहून ७३४, किंवा २८ई ट्राम) आणि वर निवांत हिंडायचं.

इथे पाहण्यासारखी गोष्ट कामगारवस्त्यांची. व्हीला बेर्ता १९०२ ते १९०८ दरम्यान बांधलेली: कमानीतून आत शिरलं की दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा, पुढे लोखंडी सज्जे, कुंड्या. थोड्या अंतरावर बाइरु इश्त्रेला दोरु. आगापितु सेर्रा फर्नांदेश या स्पेनमधल्या गालिसियाहून आलेल्या मिठाईवाल्याने १९०७-०९ मध्ये आपल्या कामगारांसाठी ती बांधवली आणि आतल्या रस्त्यांना घरातल्या बायका-मुलींची नावं दिली: व्हिर्झिनिया, झुझेफा मारिया, रुझालिना. मिठाईच्या धंद्याची खूण म्हणजे तारा. तो भिंतीवरच्या टाइल्समध्ये आहे, लोखंडकामात आहे, आणि मान खाली घातली तर पायाखालच्या फरशीतही. बाहेरच्या अंगाने जाणारे जिने आणि लांब सज्जे पाहिले की गिरणगावातल्या चाळी आठवतात. लोक राहतात, दारं उघडी असतात. आवाज कमी, खिडकीत कॅमेरा नाही.

आज मंगळवार, म्हणून कांपु द सांता क्लारावर जुन्या बाजाराचा दिवस. फैरा दा लाद्रा, मंगळवार आणि शनिवार. जुन्या सुट्या टाइल्स विकायला असतात. त्या घ्यायच्या नाहीत. का, ते शनिवारच्या नोंदीत.

२० मार्च, गुरुवार

रात्री मार्तिन्यु वादळ. झाडं पडली, फांद्या विजेच्या आणि ट्रामच्या तारांवर. आज-उद्या बाहेरचं काम बंद. वादळानंतर टेकडीवरच्या वाटा लगेच चालायला सुचवू नयेत: कौलं आणि गिलावा नंतरच्या एक-दोन दिवसांत सुटून पडतो, आणि ओल्या पानांखाली तीच गुळगुळीत चुनखडी. पत्रकावर ओळ वाढवली.

टेबलावर छपाईची पहिली चाचणी. देवनागरी १४ पॉइंटला बरी, पण ‘ऱ्या’ आणि ‘श्त्रे’ जोडाक्षरं एका फॉन्टमध्ये तुटत होती. पीडीएफ करताना फॉन्ट आत न बसवल्याने दुसऱ्या संगणकावर मांडणी बदलत होती. फॉन्ट बदलला, आत बसवला, सहाही पत्रकांतली सगळी नावं एकदा मोठ्याने वाचून तपासली. दोन ठिकाणी ‘प्राझेरेश’, तीन ठिकाणी ‘प्राझेरश’ असं निघालं. ‘प्राझेरश’ कायम.

२२ मार्च, शनिवार

टाइल्स, इथला शब्द आझुलेझु. भिंतीवरची टाइल साधारण १४ बाय १४ सेंटिमीटर. नक्षी बऱ्याचदा चार टाइल्सची मिळून पूर्ण होते: एकच टाइल पाव वळण फिरवत चारदा लावलेली. दुरुस्तीत एक उलटी बसली की फुलाची पाकळी तुटते. मुलांबरोबर आलेल्या आजी-आजोबांना हा शोधण्याचा खेळ चांगला आहे, म्हणून मुद्दाम दिला.

इमारतींचे दर्शनी भाग असे मढवण्याची चाल एकोणिसाव्या शतकात पसरली. आल्फामा-मोरारीयात दारांवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर संतांची चित्रं दिसतात; त्यांतले सांव मार्सालसारखे संत आगीपासून रक्षण करणारे. १७५५ ची आठवण अशी दारावर टिकली आहे.

टाइल पडते कशी, हे कळलं की कुठल्या भिंतीखाली थांबायचं नाही तेही कळतं. टाइलचं मागचं अंग सच्छिद्र, पुढची झिलई जलरोधक. भिंतीत ओल चढली की तिला बाहेर पडायला फक्त सांधे उरतात. पाण्याबरोबर आलेले क्षार झिलईच्या मागेच स्फटिक धरतात, फुगतात आणि झिलईचे टवके उडवतात. जुना चुन्याचा सांधा थोडा श्वास घेऊ देतो. दुरुस्तीत सिमेंट भरलं की तीही वाट बंद, आणि मग अख्खी टाइल सुटते. फुगवटा आलेली, बोटाने टकटक केल्यावर पोकळ वाजणारी भिंत ‘खाली थांबू नका’ या यादीत.

चोरीचाही भाग आहे. कित्येक दर्शनी भिंतींवर हात पोचेल तिथपर्यंतच टाइल्स गायब आहेत, वर शाबूत. चोरलेल्या टाइल्स बाजारात येतात. म्हणून जुनी सुटी टाइल विकत घेऊ नये. २०१७ पासून टाइल्स लावलेले दर्शनी भाग पाडायला कायद्याने मनाई आहे. आठवण म्हणून न्यायची असेल तर नव्याने रंगवलेली घ्यावी. मागची बाजू स्वच्छ, चुना न चिकटलेली असते, त्यावरून ओळखू येते.

२५ मार्च, मंगळवार

ट्राम. २८ई मार्तीं मुनीश ते कांपु द ओरीक (प्राझेरश). रुळांमधलं अंतर ९०० मिलिमीटर, म्हणून डबा छोटा, आणि म्हणूनच या वळणांवर बसतो. मार्तीं मुनीशला रांग लांब असते. प्राझेरशच्या टोकाला सकाळी लवकर चढलं तर बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. उभं राहून हा प्रवास साठीपुढच्यांना सुचवत नाही: वळणावर आणि उतारावर झटका बसतो. दाराजवळच्या गर्दीत पाकीट जातं, पिशवी पोटावर.

रुआ दाश इश्कोलाश झेराइशवर एकच रूळ आहे, सिग्नलने ट्राम सोडतात. पदपथ एका माणसाच्या रुंदीचाही नाही. घंटा ऐकू आली की पुढे रेटायचं नाही, जवळच्या दाराच्या खोबणीत शिरून पाठ भिंतीला लावायची.

कार्ड: प्रत्येकाचं वेगळं लागतं, एकावर दोघं जात नाहीत. एका कार्डावर एका वेळी एकाच प्रकारचं तिकीट राहतं. आधी भरलेले सुटे पैसे शिल्लक असतील तर दिवसभराचा पास त्याच कार्डावर चढत नाही. यंत्रासमोर लोक अडतात ते इथेच. दोन कार्डं घ्यावीत, पेनाने खूण करावी.

२७ मार्च, गुरुवार

कांपु द ओरीक. आखीव, काटकोनातले, बहुतांशी सपाट रस्ते. मंडई १९३४ ची. मधोमध झार्दीं दा पारादा, मोठी झाडं आणि बाक. पत्रक तासात पूर्ण. पहिल्या आठवड्यात इथूनच सुरुवात करावी असं सहाही कागदांवर लिहिलं.

कॅफेच्या रीती याच पत्रकावर: काउंटरला उभं राहून स्वस्त, बाहेरच्या टेबलावर महाग. चहाच्या सवयीला जवळचं म्हणजे ‘गालांव’, काचेच्या उंच पेल्यात भरपूर दूध, थोडी कॉफी. जेवायला बसल्यावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. खाल्लं तर पैसे लागतात, नको असेल तर लगेच परत द्यावं. भाजीच्या सूपमध्ये सॉसेजची चकती किंवा मांसाचं पाणी असू शकतं. शौचालय कॅफेतलंच, आधी काहीतरी घ्यावं, मग विचारावं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली घरून भरावी.

२९ मार्च, शनिवार

प्रत्यक्ष चाचणी, तीन जोडपी, पत्रकं हातात, आम्ही वीस पावलं मागे. अडलेल्या जागा: ‘चढ ३८ मी.’ या आकड्यातून कुणालाच काही समजत नव्हतं. ‘सुमारे तेरा मजले’ लिहिल्यावर लगेच समजलं. सगळीकडे मजल्यांत बदललं, एक मजला म्हणजे ३ मीटर. ‘डावीकडे’ऐवजी ‘नदी पाठीमागे ठेवून’ हे जास्त चाललं, कारण उतार दिसला की नदी कुठे आहे ते कळतं. उद्या पहाटे घड्याळं तासाने पुढे. संध्याकाळच्या वेळा दुरुस्त केल्या.

२०० प्रती छापल्या.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी एलेव्हादोर दा ग्लोरिया ही तारेने ओढली जाणारी गाडी घसरून उलटली, माणसं गेली. रेश्तौरादोरशपासून सांव पेद्रु द आल्कांतराच्या बागेपर्यंत चढणारी, १८८५ पासूनची ही गाडी शियादुच्या पत्रकावर ‘चढ वाचवा’ म्हणून पहिल्या ओळीत आहे. शहरातल्या इतरही अशा गाड्या तपासणीसाठी थांबवल्या आहेत. सहाही पत्रकांचं वाटप आजपासून बंद.

८ सप्टेंबर, सोमवार

मृतांची संख्या १६. ज्यांच्याकडे मार्चच्या प्रती आहेत त्या सगळ्यांना निरोप गेले, फोनवरून, एकेकाला. तारेने ओढल्या जाणाऱ्या सर्व गाड्यांच्या ओळी काढल्या.

तीच चढण पायी करायची तर काल्सादा दा ग्लोरिया सुमारे २६५ मीटर आणि सरासरी १८ टक्के, म्हणजे जवळपास सोळा मजले, एका दमात. ती सुचवता येत नाही. नवी वाट: बाइशा-शियादुचे सरकते जिने, वर कामोंइश चौक, तिथून ७५८ बस किंवा २४ई ट्राम. पायी जायचं असल्यास त्याच रस्त्याने हळूहळू चढत, अर्ध्या वाटेवर सांव रोक चर्चसमोरचा चौक, लॉटरीचं तिकीट पुढे करून उभ्या असलेल्या माणसाच्या पुतळ्यापाशी थांबायचं. आज दोन फोन घेऊन हा टप्पा पुन्हा मोजला. पदपथ रुंद, पायऱ्या नाहीत. ओला: भिंतीच्या बाजूने चालेल.